एक तर माइल्ड म्हणा, नाही तर ॲक्यूट म्हणा

खालच्या मजल्यावरचे काका स्वादुपिंडाच्या दुखण्यातून घरी आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी जिन्यातून हाक मारली. मी इंग्रजी वैद्यकीय कागदांचं मराठी करते. त्यामुळे आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले रिपोर्ट आधी माझ्याकडे येतात, मग डॉक्टरांकडे जातात. हे बरोबर नाही, असं मी दर वेळी सांगते आणि दर वेळी चष्मा लावून वाचायला बसते. डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या रकान्यात लिहिलं होतं : माइल्ड ॲक्यूट बिलिअरी पॅनक्रिएटायटिस.

काकूंचं बोट ‘ॲक्यूट’वर. “म्हणजे फारच होतं ना गं? आणि हे मला म्हणत होते, ॲसिडिटी आहे, सोडा पितो.”

काका पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. आतल्या खोलीतून आवाज आला, “ॲक्यूट म्हणजे लघु. ॲक्यूट अँगल म्हणजे लघुकोन, नव्वदच्या आतला. थोडंसंच होतं, तुला मी सांगतच होतो.”

“मग शेजारी माइल्ड कशाला लिहिलंय? थोडंसं म्हणायला दोन शब्द लागतात का? एक तर माइल्ड म्हणा, नाही तर ॲक्यूट म्हणा!”

काकूंची शंका अगदी रास्त होती. ॲक्यूट म्हणजे गंभीर असेल, तर ‘सौम्य गंभीर’ असं निदान कोण लिहील? आणि काका म्हणतात तसं ते ‘थोडंसं’ असेल, तर एकच गोष्ट दोनदा सांगायचं कारण काय?

उत्तर असं की हे दोन शब्द दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. माइल्ड हे ‘किती?’चं उत्तर. ॲक्यूट हे ‘कधीपासून?’चं. एक शब्द तराजूचा, दुसरा कॅलेंडरचा. ॲक्यूट म्हणजे अचानक उद्भवलेलं, थोड्या दिवसांतलं. त्याच्या विरुद्ध टोकाला क्रॉनिक : रेंगाळलेलं, महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षं चाललेलं. या जोडीत आजार किती वाईट आहे, याबद्दल एक अक्षरही नाही. सर्दी ॲक्यूटच असते. हृदयविकाराचा झटकाही ॲक्यूटच असतो.

काकांच्या आजारात तर हे अगदी लख्ख दिसतं. पित्ताशयातला एखादा खडा खाली सरकतो, पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका जिथे एकत्र येतात तिथे अडकतो आणि स्वादुपिंडाला सूज येते. वरच्या पोटात कळ, ती पाठीत जाते, रक्तात लायपेज किंवा अमायलेज ही स्वादुपिंडाची पाचक द्रव्यं नेहमीच्या कमाल पातळीच्या निदान तिप्पट, आणि सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये सूज. या तिन्हींपैकी दोन गोष्टी असल्या की ॲक्यूट पॅनक्रिएटायटिसचं निदान होतं. त्यानंतर वेगळी पायरी येते ती तराजूची. २०१२ साली सुधारलेल्या अटलांटा वर्गीकरणानुसार कुठल्याही अवयवाने दगा दिला नाही, आजूबाजूला पाणी साठणं वगैरे गुंतागुंत नाही, तर माइल्ड. गुंतागुंत झाली किंवा एखादा अवयव दमला पण ४८ तासांच्या आत सावरला, तर मधली पायरी. ४८ तास उलटूनही मूत्रपिंड, फुप्फुस किंवा रक्ताभिसरण सावरलं नाही, तर सिव्हियर. म्हणजे ‘सिव्हियर ॲक्यूट पॅनक्रिएटायटिस’ असंही निदान असतं, आणि ते जिवावरचं असतं. तिन्ही पायऱ्यांवर ‘ॲक्यूट’ जागच्या जागी. गंभीरपणाचं सगळं ओझं शेजारचा शब्द उचलतो.

काकूंना मी म्हटलं, “तुम्हाला घाबरवणारा शब्द मुळात घाबरवणारा नाहीच, आणि काका ज्या शब्दाच्या जिवावर फुशारकी मारतायत तो त्यांच्या बाजूचा नाही.” काका म्हणाले, “माइल्ड आहे ना पण?” आहे. ते मान्य करावंच लागलं.

आता कबुली. या गोंधळात आम्हा भाषांतरकारांचा हात आहे. ॲक्यूटला मराठीत सर्रास ‘तीव्र’ लिहितात. मीही लिहायचे. एका औषधचाचणीच्या संमतीपत्रकात मी ‘सौम्य तीव्र वेदना’ असं लिहून पाठवलं होतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी त्याभोवती लाल गोल करून फक्त एक उद्गारचिन्ह काढलं होतं. ते चिन्ह अजून डोळ्यांसमोर आहे. मराठी माणसाला तीव्र म्हणजे जोराचं, झोंबणारं. तीव्र उतार, तीव्र शब्दांत निषेध, तीव्र पाणीटंचाई. त्यात काळाचा वास नाही.

शब्द चुकला म्हणून नुसतं हसून सोडता येत नाही, कारण सरकारी कागदांतही तो रुतून बसला आहे. अंगणवाडीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा दंडघेर एका रंगीत पट्टीने मोजतात. ११.५ सेंटिमीटरच्या खाली भरला तर मूल ‘सॅम’, ११.५ ते १२.५च्या मध्ये भरला तर ‘मॅम’. सॅम म्हणजे सिव्हियर ॲक्यूट मालन्यूट्रिशन, मॅम म्हणजे मॉडरेट ॲक्यूट मालन्यूट्रिशन. मराठीत काय झालं? सॅमचं ‘अतितीव्र कुपोषण’ आणि मॅमचं ‘मध्यम तीव्र कुपोषण’. मध्यम आणि तीव्र एका श्वासात! इथला ॲक्यूट सांगतो आहे की मूल अलीकडच्या काळात खंगलं, उंचीच्या मानाने वजन घटलं. जुन्या, सावकाश चाललेल्या उपासमारीने जे होतं ते वेगळं असतं. त्यात वयाच्या मानाने उंचीच खुंटते. तिथे इंग्रजीत क्रॉनिक हा शब्द येतो. हा फरक कळीचा आहे, कारण नुकतं खंगलेलं मूल योग्य आहार आणि उपचारांनी काही आठवड्यांत भरून येऊ शकतं, खुंटलेली उंची मात्र तशी झटपट भरून निघत नाही. ‘तीव्र’ या एका शब्दाने हे सगळं पुसून टाकलं.

करोनाच्या काळात ‘सारी’चे रुग्ण वाढल्याच्या बातम्या रोज येत होत्या, आठवतात? सारी म्हणजे सिव्हियर ॲक्यूट रेस्पिरेटरी इन्फेक्शन. त्याच्या जागतिक व्याख्येत दोन्ही शब्दांना आपापलं काम नेमून दिलेलं आहे. ताप-खोकला गेल्या दहा दिवसांत सुरू झालेला असला पाहिजे : हा ॲक्यूट. रुग्णाला दाखल करावं लागलं पाहिजे : हा सिव्हियर. दोन्हींचा अर्थ एकच असता तर व्याख्या करणाऱ्यांनी एका शब्दावर भागवलं असतं. आरोग्य संघटनांना लांब नावांची हौस असते हे खरं असलं तरी.

मग ॲक्यूटला जोराचा वास चिकटला कुठून? मुळातूनच. लॅटिनमध्ये ‘अक्यूतस’ म्हणजे धार लावलेलं, टोकदार. सुईच्या शब्दाशी त्याचं नातं आहे. ग्रीक वैद्य टोकदार, धारदार आजार असं म्हणायचे, कारण तो सुईसारखा एकदम टोचतो आणि लवकर निकाल लावतो. बरा करतो नाही तर घेऊन जातो. हिपोक्रेटिसच्या परंपरेत असं सूत्रच होतं की ॲक्यूट आजार चौदा दिवसांत निर्णायक वळणावर येतो. गंमत म्हणजे जुलाबांच्या बाबतीत आजही चौदा दिवस हीच सीमा धरली जाते; त्यापलीकडे गेले की ‘पर्सिस्टंट’. क्रॉनिक आला ‘ख्रोनोस’वरून, म्हणजे काळावरून. पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास कपाडोकियाच्या अरेटियस नावाच्या वैद्याने ॲक्यूट आणि क्रॉनिक आजारांवर वेगवेगळं लिखाण केलं होतं. तेव्हापासून वैद्यकाच्या घराला ही दोन दालनं आहेत.

बोलीभाषेतल्या इंग्रजीत मात्र ॲक्यूटची धार जोराकडे झुकली. ‘ॲक्यूट शॉर्टेज’ म्हणजे भयंकर तुटवडा, असं आपण पेपरात वाचतो आणि तोच अर्थ घेऊन दवाखान्यात शिरतो. तेव्हा काकू चुकल्या असं म्हणणं अन्यायाचं होईल; त्या शब्दाचा रस्त्यावरचा अर्थ दवाखान्यात घेऊन आल्या होत्या. आणि काकांचा लघुकोन? टोक धारदार म्हणून इंग्रजीत तो ॲक्यूट, आणि माप लहान म्हणून मराठीत तो लघु. एकाच कोनाकडे दोन भाषांनी दोन बाजूंनी पाहिलं. पण वैद्यकातल्या ॲक्यूटला ‘लघुकालीन’ म्हटलं तर ते तीव्रपेक्षा कितीतरी बरं. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी काकूंकडे ज्या नजरेने पाहिलं, ते मी लिहीत नाही.

आयुर्वेदात यासाठी ‘आशुकारी’ आणि ‘चिरकारी’ असे सुरेख शब्द आहेत. आशु म्हणजे झटपट, चिर म्हणजे दीर्घ काळ. तीन आठवडे उलटूनही अंगात रेंगाळणाऱ्या बारीक तापाला ‘जीर्णज्वर’ म्हणत. आपल्या आजीच्या मराठीत तर त्याहून रसरशीत जोडी आहे : दुखणं ‘उपटतं’ आणि दुखणं ‘मुरतं’. लोणचं मुरावं तसं. त्या जोडीकडे मी शेवटी परत येणार आहे.

ॲक्यूटबद्दल आणखी एक गैरसमज असतो : ॲक्यूट म्हणजे लवकर बरं होणारं. पुण्याला याचा धडा २०२५च्या जानेवारीत मिळाला. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गिलेन-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले. आकडा पुढे दोनशेच्या घरात गेला. दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जीवाणू सापडला. पोट बिघडतं, जंतूशी लढायला तयार झालेली प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच नसांवर उलटते, आणि पायांपासून शक्ती जायला लागते. हा आजार ॲक्यूट आहे. त्याच्या सर्वांत ठाऊक असलेल्या प्रकाराच्या लांबलचक नावाची सुरुवातच ॲक्यूटने होते. कारण अशक्तपणा काही दिवसांत वाढत जातो आणि चार आठवड्यांच्या आत त्याची मजल संपते. पण नंतर भरून यायला महिने लागतात, काहींना वर्षही. व्हेंटिलेटरवरून उतरलेला माणूस काठी घेऊन चालायला शिकत असतो तेव्हाही फाइलवर ॲक्यूटच लिहिलेलं असतं. घरच्यांना वाटतं, डॉक्टर तर ॲक्यूट म्हणाले होते, मग अजून का?

कारण ॲक्यूट हा शब्द आजाराच्या चढणीकडे बघतो, उतरणीकडे नाही. याच आजाराचा एक क्रॉनिक चुलतभाऊ आहे, सीआयडीपी. त्यात अशक्तपणा आठ आठवड्यांनंतरही वाढतच राहतो किंवा पुन्हा पुन्हा उलटतो. दोघांत नसांवरचं आवरण सोलवटतं, दोघांत हातपाय गळतात. पण स्टेरॉइड सीआयडीपीत उपयोगी पडतं आणि जीबीएसमध्ये पडत नाही. त्यामुळे न्यूरॉलॉजिस्ट नातेवाइकांना वैताग येईपर्यंत विचारत राहतो : नक्की कोणत्या तारखेला पाय जड वाटला? आदल्या रविवारी जिना चढता येत होता का? ते उगाच खोदून विचारणं नसतं. औषध त्या तारखेवर ठरतं.

इथे एक पाल्हाळ लावते, कारण पोलिओची मोहीमही याच शब्दावर उभी राहिली. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाला ‘ॲक्यूट फ्लॅसिड पॅरॅलिसिस’, म्हणजे अचानक आलेला लुळेपणा दिसला की तो कळवायचा, आणि चौदा दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने, निदान चोवीस तासांच्या अंतराने, प्रयोगशाळेत पाठवायचे. लुळेपणा जुना असेल तर नमुन्यात विषाणू सापडण्याची आशा कमी. म्हणून अचानक आलेलाच हवा. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, ते या ‘अचानक’वर वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून बसलेल्या लोकांमुळे.

बरं, मग किती दिवस झाले की ॲक्यूटचं क्रॉनिक होतं? सर्वांना एकच मुदत लावता येत नाही. मोठ्या माणसाचा खोकला तीन आठवड्यांपर्यंत ॲक्यूट, आठ आठवड्यांच्या पुढे क्रॉनिक, मधला काळ सबॲक्यूट. अंगावर पित्त उठत असेल तर सीमा सहा आठवडे. दुखण्याला, म्हणजे नुसत्या वेदनेला, तीन महिने. मूत्रपिंडालाही तीन महिने. म्हणूनच मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय हे सांगणाऱ्या क्रिॲटिनिनचा एकच रिपोर्ट वाढलेला दिसला तर शहाणा डॉक्टर लगेच क्रॉनिक किडनी डिसीज लिहीत नाही, जुने रिपोर्ट मागतो किंवा पुन्हा तपासायला सांगतो. (जुने रिपोर्ट रद्दीत घालू नका. माझी या लेखात एकच विनंती आहे, ती ही.) हिपॅटायटिस बीला सहा महिने. मोठेपणी हा विषाणू शिरला तर पाच टक्क्यांहून कमी लोकांत तो मुक्काम ठोकतो, तान्हेपणी शिरला तर सुमारे पंचाण्णव टक्क्यांत. जन्मल्यावर चोवीस तासांत लस द्यायची घाई त्यासाठीच. आणि डोक्याला मार लागून मेंदूवर साकळलेल्या रक्ताचं घड्याळ तर भलतंच वेगाने पळतं : तीन दिवसांपर्यंत ॲक्यूट, तीन आठवड्यांनंतर क्रॉनिक. म्हातारी माणसं बाथरूममध्ये घसरतात, ‘काही नाही झालं’ म्हणतात, आणि महिन्याभराने बोलताना अडखळू लागतात, ते हे क्रॉनिक सबड्युरल.

दहा दिवसांनी काकू पुन्हा आल्या. या वेळी हातात बायॉप्सीचा रिपोर्ट. पुन्हा खडा अडकू नये म्हणून काकांचं पित्ताशय त्याच मुक्कामात काढलं होतं, आणि काढलेला अवयव नियमाप्रमाणे पॅथॉलॉजीत गेला होता. रिपोर्ट : क्रॉनिक कोलेसिस्टायटिस विथ कोलेलिथिॲसिस. म्हणजे पित्ताशयाची जुनी सूज आणि आत खडे.

आता काकाच भडकले. “चार दिवसांचं दुखणं माझं! तुझ्या त्या कार्डावर ॲक्यूट लिहिलंय. आणि हे लोक क्रॉनिक म्हणतात. दोघांतला कोण खोटं बोलतोय?”

कोणीच नाही. पहिलं म्हणजे अवयव दोन होते. ॲक्यूट होतं स्वादुपिंड, क्रॉनिक होतं पित्ताशय. आणि दुसरं जास्त मजेदार आहे : पॅथॉलॉजिस्टच्या हातात कॅलेंडर नसतंच. रुग्णाला तो बहुधा बघतही नाही. तो सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघतो आणि पेशींवरून काळ वाचतो. सूज नवी असेल तर तिथे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची झुंबड दिसते; आग लागल्यावर पहिल्यांदा पोचणारा हा बंब. सूज जुनी असेल तर लिम्फोसाइट, प्लाझ्मा पेशी, मॅक्रोफेज अशी संथ मंडळी ठाण मांडून बसलेली असतात आणि भिंत तंतूंनी जाड, निबर झालेली असते. काकांच्या पित्ताशयाची भिंत तशी होती. खडे वर्षानुवर्षं गपगुमान पडून घासत होते आणि काका सोडा पीत होते. म्हणजे रिपोर्टातला क्रॉनिक हा काकांच्या तक्रारीबद्दल नव्हताच, भिंतीच्या इतिहासाबद्दल होता. खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयांच्या रिपोर्टात हा शब्द इतका नेहमी असतो की सर्जन त्यावर थांबतही नाहीत. रिपोर्टात ते बघतात ते दुसरंच : कर्करोगाचा काही मागमूस नाही ना. तो नव्हता.

काही ठिकाणी ही नावं इतकी जुनी झाली आहेत की त्यांचा अर्थच उलटा पडल्यासारखा वाटतो. रक्ताच्या कर्करोगाची ॲक्यूट आणि क्रॉनिक अशी वाटणी झाली तेव्हा उपचार नव्हते. ॲक्यूटवाला काही आठवड्यांत-महिन्यांत जायचा, क्रॉनिकवाला काही वर्षं काढायचा. आज लहान मुलांचा ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया चांगल्या केंद्रात उपचार झाले तर दहापैकी आठ-नऊ जणांत कायमचा बरा होतो. उलट क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियासाठी २००१ साली इमॅटिनिब ही गोळी आली आणि माणसं ती रोज घेत वर्षानुवर्षं नोकरी-संसार करू लागली, पण बहुतेकांना गोळी चालूच ठेवावी लागते. (तिच्या सुधारित रूपाच्या पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, म्हणून ती आपल्याकडे परवडण्याजोगी राहिली.) म्हणजे ॲक्यूट सुटतो आणि क्रॉनिक सोबत राहतो. तरी क्रॉनिकला ‘कायमचा’ म्हणू नये. क्रॉनिक हिपॅटायटिस सी आता दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा समूळ जातो.

काका-काकूंच्या फाइलचा पुढचा मुक्काम विमा कंपनी, आणि तिथे या शब्दांना तिसराच अर्थ असतो. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या व्याख्या प्रत्येक आरोग्य पॉलिसीच्या पुस्तिकेत छापलेल्या असतात. कोणी वाचत नाही, पण असतात. तिथे ॲक्यूट म्हणजे उपचारांना लवकर दाद देईल आणि माणूस आजारापूर्वी होता तसा पूर्ण बरा होईल, अशी शक्यता असलेली अवस्था. क्रॉनिक म्हणजे ज्यावर सतत लक्ष ठेवावं लागतं, लक्षणं आटोक्यात ठेवण्यासाठी दीर्घकाळ उपचार लागतात, जी अनिश्चित काळ चालते किंवा पुन्हा उलटू शकते, अशी. यात आठवडे-महिने मोजलेले नाहीत. जीबीएसचा रुग्ण डॉक्टरांच्या लेखी ॲक्यूट, पण लंगडेपण उरलं तर पॉलिसीच्या भाषेत तो कुठे बसेल, यावर वाद घालता येईल.

दाव्याचे कागद तपासणाऱ्याची नजर क्रॉनिकवर अडखळते, कारण त्याच्या डोक्यात पुढचा प्रश्न तयार असतो : पॉलिसी घेण्याआधीपासून होतं का? आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावण्याची मुभा २०२४च्या नियमांनी कंपन्यांना दिली आहे. त्याआधी ती ४८ महिने होती. काकांची पॉलिसी अकरा वर्षांची, त्यामुळे त्यांना झळ नव्हती. पण ज्याची पॉलिसी नवी आहे, त्याने असा बायॉप्सी रिपोर्ट जोडताना डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून घ्याव्यात : हा शब्द पेशींच्या तपासणीतला आहे, रुग्णाला यापूर्वी या आजाराचं निदान झालेलं नव्हतं. अर्थात ते खरं असेल तरच. सोडा पिणं हे निदान नव्हे, हे काकांच्या पथ्यावर पडलं असतं.

आणि आता ती उपटण्या-मुरण्याची जोडी. डॉक्टरांच्या कागदांवर एक विचित्र शब्दप्रयोग दिसतो : ‘ॲक्यूट ऑन क्रॉनिक’. पहिल्यांदा वाचताना काकूंसारखंच म्हणावंसं वाटतं, एक काही तरी ठरवा! दम्याच्या किंवा सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या रुग्णाला दिवाळीच्या थंडीत, फटाक्यांच्या धुरात एकदम धाप लागते. मूत्रपिंडं आधीच अर्धी दमलेल्या माणसाला जुलाब होतात किंवा तो गुडघेदुखीवर मनाने गोळ्या घेतो, आणि क्रिॲटिनिन दोन दिवसांत उडी मारतं. खाली मुरलेला आजार, त्यावर नवा उपटलेला. उपचार करताना हा फरक फार उपयोगाचा असतो, कारण उपटलेला भाग बहुतेकदा खाली बसवता येतो. ध्येय असतं माणसाला त्याच्या नेहमीच्या पातळीवर परत आणण्याचं, त्याहून वर नव्हे. हे आधी सांगितलं नाही तर घरच्यांना वाटतं, बिल एवढं झालं आणि बाबांना अजून जिना चढवत नाही.

या शब्दप्रयोगाचं मराठी करताना मी बरेच दिवस अडले होते. ‘दीर्घकालीन आजारावरील तीव्र आघात’ असलं काहीबाही लिहून पाहिलं. मग एकदा मंडईत भाजी घेताना शेजारची बाई दुसरीला सांगत होती, “सासूबाईंचं जुनं दुखणं परत उपटलंय.” पिशवी खाली ठेवून मी ते फोनमध्ये टिपून घेतलं. संमतीपत्रकात ते चालणार नाही, तिथे ‘जुन्या आजारात अचानक झालेली वाढ’ असंच लिहावं लागतं. पण समजावून सांगताना मी तेच वापरते. डॉक्टरांनीही वापरावं असं मला वाटतं. रुग्णाने मात्र ॲक्यूट हा शब्द ऐकल्यावर दोन प्रश्न सुटे सुटे विचारावेत : हे कधीपासूनचं आहे, आणि हे किती गंभीर आहे. पहिल्याच्या उत्तरात दुसऱ्याचं उत्तर आहे असं धरू नये.

हे सगळं ऐकून काकांनी खिशातली पेन्सिल काढली. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी ती खिशात असतेच. कार्डावर माइल्डच्या वर बारीक अक्षरात ‘किती’ लिहिलं, ॲक्यूटच्या वर ‘केव्हा’ लिहिलं, आणि दोन्हींखाली रेघ मारली.

काकू चहाचे कप उचलताना कळवळल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून खाली बसल्या.

“माझं हे काय म्हणायचं मग? ॲक्यूट का क्रॉनिक?”

“कधीपासून दुखतंय, काकू?”

“हे रिटायर होऊन घरी बसले ना, तेव्हापासून.”